गोजरला कुणी विचारलं नव्हतं

नजमुन्निसा चुडीवाली सुलतानपुरात यायची ती बुधवारी, आणि बायकांच्या मनगटांत चुड्या चढवता चढवता पाच गावांच्या बातम्याही चढवून जायची. त्या बुधवारी मात्र ती नारायण बेलदाराच्या ओट्यावर टेकली, टोपलं खाली ठेवलं, आणि त्यावरचं फडकं काही सोडलं नाही. आधी पाणी मागितलं. नारायणची बहीण गोजर तांब्या घेऊन आली, तेव्हा नजमुन्निसा तिच्याकडे न बघता म्हणाली, की मेहकरच्या पलीकडे माळावरच्या मिशनात एका पोरीच्या हातात चुड्या भरून आले. लग्न हाय तिचं.

गोजर म्हणाली, होऊ दे की.

"नवरा गवंडी हाय," नजमुन्निसा म्हणाली. "तुहाच."

गोजरचा नवरा उकंडा. नऊ वर्षांची असताना तिचं त्याच्याशी लग्न लागलं होतं. बेलदारांची जात, दगड फोडायचा, चुना मळायचा, भिंत उभी करायची. चार वर्षांमागे मिशनाच्या गोऱ्या पादऱ्यानं माळावर देऊळ बांधायला काढलं, तेव्हा उकंडाला तिथं काम लागलं आणि दोघं चुना दळायच्या घाणीशेजारी झोपडी करून राहिली. दोन उन्हाळे त्यानं दगड बसवले आणि तिनं घमेली वाहिली. दुसऱ्या उन्हाळ्यात उकंडानं पादऱ्याकडून डोक्यावर पाणी घेतलं आणि तो फ्रान्सिस झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत गोजर भावाकडे सुलतानपूरला परत आली. का आली ते तिनं कुणाला सांगितलं नाही, आणि तिला कुणी खोदून विचारलंही नाही. नवरा बाटला, बायको माहेरी आली. लोकांना गोष्ट पुरी वाटली.

"पादरी दर आयतवारी सगळ्यायसमोर वाचते," नजमुन्निसा सांगू लागली. ती मिशनाच्या देवळाबाहेर बायका यायची वाट बघत बसायची, म्हणून तिनं स्वतःच्या कानानं ऐकलं होतं. अमक्याचं तमकीशी लग्न ठरलं आहे, कोणाला काही हरकत ठाऊक असेल तर येऊन सांगावी, असं तीन रविवार वाचायचा त्यांचा कायदा. दोन रविवार झाले होते. एक राहिला होता.

"मंग कोनी सांगतली हरकत?"

"कोन सांगन? त्यायच्यापाशी कागद हाय, तू नाही म्हनलीस म्हनून."

गोजरनं तांब्या खाली ठेवला.

कागदाची गोष्ट तिला आठवत होती. महिन्यापूर्वी मिशनाचा इग्नास मास्तर दोन माणसं घेऊन आला होता. मास्तर म्हणजे पादऱ्याचा उजवा हात. नव्या लोकांना प्रार्थना शिकवायचा, कागदपत्रं लिहायचा. जातीची चार माणसं अंगणात बसली. गोजर बांबूच्या टट्ट्याआड चुलीपाशी होती, हातात पीठ. मास्तरनं कागद उलगडून विचारलं, की उकंडाची बायको ख्रिस्ती धर्म घेईल काय. नारायण म्हणाला, नाही. मास्तरनं विचारलं, धर्म न घेता त्याच्याजवळ शांतपणे नांदेल काय. नारायण म्हणाला, बाटग्याच्या घरात आमची पोरगी पाय ठेवनार नाही. जातीच्या माणसांनी माना हलवल्या. मास्तरनं दोनदा 'नाही' लिहिलं, नारायणचा अंगठा घेतला, चहा प्याला आणि गेला. हे सगळं होत असताना गोजरची एक भाकरी करपली, आणि वहिनी तेवढ्यावरून बोलली.

"तुले इचारलं कोनं?" नजमुन्निसानं विचारलं.

"मले काऊन इचारतीन?"

"आमच्यात निकाहच्या वक्ती वकील दोन गवाह घेऊन आत येते. पोरगी पडद्याआड असली तरी तिले इचारते. शरमेनं चूप राह्यली तं राह्यली. पन इचारते तं." नजमुन्निसानं फडकं सोडलं आणि एक हिरवी चुडी उन्हात धरून तिच्यातून आकाश पाहिलं, जणू चुडीत काही खोट होती. "तुह्या नवऱ्याच्या कायद्यातबी तुलेच इचारा म्हनते वाटते. नाही तं तो मास्तर पाच कोस चालत काऊन येईन?"

गोजर तांब्या उचलून आत गेली. पण चुना मळणाऱ्या बाईचा राग चुन्यासारखाच असतो. कळीच्या चुन्यावर पाणी टाकलं, की घटकाभर काहीच होत नाही. नवख्याला वाटतं, माल फुकट गेला. मग ती कळी फुटते, उकळते, आणि हात घातला तर हाडापर्यंत भाजते. गोजर दुपारभर ज्वारी निवडत बसली. मांडवात नऊ वर्षांची ती गप्प बसली होती, तर भटजींनी आणि बापानं त्या गप्प बसण्याचा अर्थ लावला, 'हो'. टट्ट्याआड तिशीची ती गप्प बसली, तर भावानं आणि मास्तरनं अर्थ लावला, 'नाही'. बसणं तेच, तोंड तेच, आणि दोन्ही वेळा बोलले दुसरेच. संध्याकाळपर्यंत कळी फुटली.

दुसऱ्या दिवशी नारायण लोणारला दगडाच्या कामावर गेला, तशी गोजर वहिनीला म्हणाली, मी चुडीवाल्या आपासंग जाऊन येते. कुठे, ते सांगितलं नाही. नजमुन्निसाचं टोपलं तिनंच डोक्यावर घेतलं. वाटेत मेहकरच्या वेशीपाशी दोघींनी भाकरी खाल्ली. नजमुन्निसा म्हणाली, तिथं जाऊन रडू नको हां. गोजर म्हणाली, मी रडाले चाललीच नाही.

माळावर चढल्यावर ती आधी देवळाच्या उत्तरेच्या भिंतीपाशी गेली आणि तळहात लावून पाहिला. पक्की होती. त्या भिंतीतला चुना सगळा तिनं वाहिलेला. आत कोण राहतो हे तिला दोन उन्हाळ्यांत कुणी सांगितलं नव्हतं. घमेलं घेऊन दारातून आत जायचं आणि रिकामं घेऊन बाहेर यायचं, एवढीच तिची त्या देवाशी ओळख.

इग्नास मास्तर पडवीत होता. तिला बघून त्यानं आवाज खाली आणला आणि म्हणाला, की बाई, तुझं सगळं लिहून झालं आहे, आता यायचं काम नव्हतं. त्यानं आवाज खाली आणला म्हणूनच गोजरनं आपला वर नेला.

"मी हरकत सांगाले आली," ती म्हणाली. "आयतवारी पुकारून राह्यले न तुमी? मी आली."

आतून फादर बेर्नार बाहेर आला. उंच, वाळका, लाल दाढीचा फ्रेंच माणूस. तो नागपूरला एका शास्त्रीबुवांकडे मराठी शिकला होता आणि वऱ्हाडात येऊन पंधरा वर्षं झाली तरी पोथी वाचल्यासारखं बोलायचा. त्यानं गोजरला बसायला सांगितलं. ती उभी राहिली. त्यानं कपाटातून कागद काढला आणि विचारलं, की आपण दोन्ही प्रश्नांना नकार दिलात, तो आता मागे घेता काय.

"मी काहीच म्हनलं नाही. मी टट्ट्याआड भाकरी करत होती. मह्या भावानं सांगतलं, यायनं लेहलं."

फादरनं कागद उजेडाकडे केला. अंगठ्याखालचं नाव वाचलं. मग मास्तरकडे पाहिलं. मास्तर म्हणाला, की फादर, या लोकांत बायका परक्यासमोर बोलत नाहीत, म्हणून घरच्या कर्त्या पुरुषाला विचारलं. आम्ही नेहमी तसंच करतो. तो खोटं बोलत नव्हता. गावात तलाठी आला तरी तसंच, देवी टोचणारा आला तरी तसंच. त्याला यात चूक दिसतच नव्हती, आणि गोजरला सगळ्यात जास्त राग त्याचाच आला.

फादर म्हणाला, "इग्नास, कर्त्या पुरुषाला विचारा, असं कायदा म्हणत नाही. कायदा म्हणतो, तिला विचारा. आपण नेहमी तसंच करतो? आणखी कितींना?"

मास्तर जमिनीकडे पाहत राहिला. फादरनं आत जाऊन एक जाड काळं पुस्तक आणलं.

त्यानं गोजरला ते पुस्तक समजावून सांगितलं, लहान पोरांना सांगावं तसं, पण खोटा गोडवा न आणता. हा आमच्या धर्माचा कायदा. यात लिहिलं आहे, की ज्यांना आमचा धर्म ठाऊकही नव्हता त्यांचं लग्नसुद्धा खरं लग्न. मग ते अग्नीपुढे लागलं असो की झाडाखाली. तुमचं उकंडाशी लागलेलं लग्न आम्ही खरं मानतो.

गोजरनं मान वर केली. दोन वर्षांत हे वाक्य तिच्या कानावर पहिल्यांदा पडत होतं. भाऊ म्हणायचा, तो बाटला म्हणजे तुले मेला. वहिनी म्हणायची, तू ना सवाशीण ना रांड. आणि हा परमुलखातला लाल दाढीवाला म्हणत होता, की लग्न खरं. तिला क्षणभर बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचाच राग आला.

कारण त्या पुस्तकाला मागचं दारही होतं. फादर पुढं म्हणाला, की दोघांपैकी एकानं बाप्तिस्मा घेतला, म्हणजे डोक्यावर पाणी घेतलं, आणि दुसरं माणूस त्याच्याजवळ राहायला तयार नसेल, तर पाणी घेतलेल्याला पुन्हा लग्न करायची मोकळीक आहे. पण आधी त्या दुसऱ्या माणसाला दोन प्रश्न विचारायचेच. स्वतः त्यालाच, साक्षीदारांसमोर.

"मंग इचारा," गोजर म्हणाली. "त्याच्यासमोर इचारा."

उकंडाला बोलावणं गेलं. तो शाळेच्या भिंतीवर काम करत होता. तसाच हातात चुना थापायची करणी घेऊन आला, गळ्यात पितळी क्रूस. गोजरला पाहून त्याची पावलं थांबली, मग तो खांबाला टेकून उभा राहिला. साक्षीला एक म्हातारी सिस्टर आणि मिशनाचा स्वयंपाकी. नजमुन्निसा पडवीच्या पायरीवर, टोपल्याला टेकून.

फादरनं नवा कागद घेतला. नाव विचारलं. गोजर. बापाचं नाव विचारलं, तेही तिनं सांगितलं. मग म्हणाला, "पतीचे नाव?"

गोजरनं जन्मात ते नाव तोंडातून काढलं नव्हतं. झोपडीत हाक मारायची तरी 'अवो' म्हणायची. सिस्टर समजून पुढं झुकली आणि म्हणाली, की मी लिहिते, बाई, राहू दे.

"उकंडा," गोजर म्हणाली. मोठ्यानं, सरळ त्याच्याकडे बघत, चुना मागताना हाळी द्यावी तशी. "उकंडा. लेहा."

नजमुन्निसानं तोंडावर पदर घेतला. उकंडाच्या हातातली करणी खांबावर वाजली.

पहिला प्रश्न. धर्म घ्याल काय. गोजर म्हणाली, नाही. या देवळाचा चुना मी वायला तवा मले कोनी आत बोलावलं नाही. आता याच्या लग्नासाठी बोलावता, तं मी येत नाही. फादरनं मान खाली घालून लिहिलं.

दुसरा प्रश्न वाचताना तो सावकाश वाचू लागला. धर्म न घेतल्यास निदान पतीजवळ शांततेने, देवाचा अपमान न करता, राहण्यास आपण तयार आहात काय.

"हे याले इचारलं का कधी?"

फादर म्हणाला, हा प्रश्न त्याच्यासाठी नाही.

"मंग मले सांगा, तुमी याच्या डोक्यावर पानी घातलं ते कोन्या दिवशी?"

फादरनं दुसरी वही काढली. पुनरुत्थानाच्या सणाचा आदला दिवस, शनिवार. तो सण कधी येतो, असं नजमुन्निसानं मध्येच पायरीवरून विचारलं. फादर म्हणाला, पुनवेनंतरच्या रविवारी. त्या वर्षी चैत्री पुनव गुरुवारी होती.

"चैत्री पुनव," गोजर म्हणाली. तिनं डाव्या हाताची बाही कोपरापर्यंत सारली. मनगटाच्या हाडावर एक पांढरा, वाकडा वण होता. "हे अखाजीचं हाय, वैशाखातल्या तिजेचं. अखाजीले मी चुलीपाशी देव मांडले. मह्या बापानं देल्हेले चांदीचे टाक, खंडोबाचा आन् आईचा. यानं ते उचलून चुन्याच्या हौदात टाकले. मी काढाले गेली तं करणीनं मारलं. मंग हात धरून रस्त्यावर काढलं. देवाचा अपमान कोनं केला ते तुमच्या पुस्तकात पाहा."

फादरनं उकंडाकडे पाहिलं. "आपण मला सांगितलंत, धर्माचं ऐकून ती स्वतः निघून गेली."

उकंडा म्हणाला, तिनंच घर सोडलं, फादर. मी कवाच मारलं नाही. हा वण दगडाचा असंल, बेलदारनीच्या हाताले वण असतेच. त्यानं मास्तरकडे बघितलं. मास्तरनं बघितलं नाही.

"अखाजीच्या दुसऱ्या दिवशी मी त्याच वाटेनं येत होती," नजमुन्निसा उठून उभी राहत म्हणाली. "अखाजीच्या सणाले कोन चुडीवाली घरी बसते? सुलतानपूरच्या वाटेवर ही झाडाखाली बसेल भेटली. मी म्हनलं, सनाचे दिवस हायेत, नंग्या हातानं भावाच्या दारी जाऊ नको, फुकट भरते. हात धरला तं मनगट ह्ये एवढं. चुडी काय, बोट सरकंना. फुटक्या काचा मीच काढल्या." ती सिस्टरकडे वळली. "तीस साल झाले मले हात धरता. दगडाचा मार कोनचा आन् माणसाचा कोनचा, मले इचारा."

स्वयंपाक्यानं बोटांवर मोजून पाहिलं. पुनवेपासून अखाजी अठरा दिवस, म्हणजे मार पाण्यानंतरचा.

फादर पुस्तकाची पानं उलटत होता. त्याला ती ओळ ठाऊक असावी, पण डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्याला बोलायचं नव्हतं. मग त्यानं बोट ठेवलं. म्हणाला, की बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यानं स्वतःच आपल्या वागण्यानं बायकोला निघून जायला कारण दिलं असेल, तर त्याला ही मोकळीक नाही. ती हो म्हणो की नाही म्हणो.

"पान्याच्या आधीबी मारे," गोजर म्हणाली. "सहा वर्सं. त्याचं?"

फादरनं ती ओळ पुन्हा वाचली. "ते या ओळीत येत नाही."

गोजर हसली. ते हसू काही चांगलं नव्हतं. म्हणजे पाण्याच्या अलीकडचा मार धुतला गेला आणि पलीकडचा तेवढा राहिला. सहा वर्षांच्या मारातून पुस्तकाला एक वण उपयोगी पडला. बरं झालं, तिनं मनात म्हटलं, सणाच्या दिवशी मारलं.

उकंडा खांबापासून पुढं आला. "मंग मी जन्मभर असाच राहू?"

"मी राह्यलीच," गोजर म्हणाली.

फादरनं पुस्तक मिटलं. त्याचे कान लाल झाले होते. त्यानं उकंडाला सांगितलं, की तिसरा रविवार पुकारला जाणार नाही, लग्न होणार नाही, आणि तू माझ्याशी खोटं बोललास त्याबद्दल आपण नंतर बोलू. मग गोजरकडे वळला. आवाज खाली आणून म्हणाला, की आपली इच्छा असेल तर मी याला आपल्याला परत घ्यायला लावू शकतो, आणि तो नीट वागतो की नाही हे मी स्वतः बघेन.

"तुमी दुसरा प्रश्न इचारला होता," गोजर म्हणाली. "त्याचं लेहलं नाही."

"आता त्याची गरज नाही, बाई."

"मले हाय. लेहा, नाही. मी नांदत नाही. मी म्हनलं म्हनून लेहा, भावानं म्हनलं म्हनून नका लेहू."

फादरनं लिहिलं. जुना कागद काढून त्यावर आडवी रेघ मारली. मास्तरनं शाईचं बोळकं पुढं केलं, ते फादरनं त्याच्या हातून घेतलं आणि स्वतः धरलं. गोजरनं अंगठा बुडवला आणि असा दाबला, की मेज करकरलं.

निघताना विहिरीपाशी लग्न ठरलेली ती पोरगी उभी होती. तेरेजा. सिस्टरांनी वाढवलेली, सतरा-अठरा वर्षांची, हातांत नव्या हिरव्या चुड्या. तिला कुणीतरी सांगितलं होतं. ती चुड्या काढायला लागली, तशी नजमुन्निसा तिच्या अंगावर ओरडली, की राहू दे, चुड्या तुह्या हातात हायेत, त्याच्या नाही. पोरगी गोजरच्या मनगटाकडे बघत होती.

"लय मारते का?" तिनं विचारलं.

गोजरनं तिला वण हात लावून बघू दिला. मग तिच्या डोक्यावर तळवा ठेवला, चुना वाहून खडबडीत झालेला, आणि चालू लागली.

घरी पोहोचेपर्यंत नारायणला कळलं होतं. मेहकरहून येणाऱ्या गाडीवाल्यानं सांगितलं. तो ओट्यावर बसून होता. जातीत तोंड दाखवायला जागा ठेवली नाही, म्हणाला. पादऱ्याच्या पडवीत बाईमाणूस. नवऱ्याचं नाव घेतलं म्हणे चारचौघांत. गोजर आत गेली, चूल पेटवली, परातीत पीठ घेतलं. तो आत आला.

"आन् काय सांगतलं तिथं?"

"नाही म्हनून सांगतलं."

राग जाऊन नारायणच्या तोंडावर निव्वळ न कळल्याचा भाव आला होता, आणि तो खरा होता.

"मीबी तं तेच सांगतलं होतं, गोजर. मंग पाच कोस काऊन गेली?"

गोजर भाकरी थापत राहिली. अंगठ्याची शाई घासूनही गेली नव्हती. भाकरीच्या कडेला निळा ठसा उमटला होता, गोल, रेषारेषांचा. ती भाकरी तिनं नीट भाजली आणि त्याच्याच ताटात वाढली. नारायणनं ठसा पाहिला आणि ताट सरकवलं.

"खाय," गोजर म्हणाली.

तिनं दुसरी भाकरी थापायला घेतली. बऱ्याच वेळानं त्यानं ताट ओढून घेतलं आणि त्या ठशाच्या बाजूनंच तुकडा मोडला.